हायड्रिलाची ग्रँट

ग्रँटसाठी अर्ज करणाऱ्याला ग्रँट मिळेलच याची खात्री नसते. किस्से मात्र शंभर टक्के मिळतात. आमच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला आपला आठवतो, आणि भाजी गार होते. माझ्याकडे तर एकाच अर्जाचे इतके साठलेत की नवीन लागलेल्या कुणी "मॅडम, प्रपोजल कसं लिहायचं?" असं विचारलं की मी आधी म्हणते, "डबा खाऊन घ्या, मग सांगते."

तेच सांगते आता. गावांची नावं मात्र सांगणार नाही. दोन्ही गावांत मला अजून जावं लागतं.

* * *

आमचं कॉलेज गोरेगावच्या पुढे. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मध्ये दुमजली इमारत. मी गोंदियाहून एसटीने जायची. वनस्पतिशास्त्र विभागात माणसं दोनच. विभागप्रमुख बिसेन सर निवृत्तीला टेकलेले आणि मी नुकतीच लागलेली, नोकरी अजून पक्की न झालेली. बीसीएचं वारं नुकतं सुटलं होतं. ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. आमच्या वर्गात मुलं कमी आणि कुंड्या जास्त अशी परिस्थिती.

एका दुपारी मी प्रॅक्टिकल घेत होते. मायक्रोस्कोपला डोळा लावलेला, आणि पाठीमागे 'चर्र' असा आवाज झाला. मी अशी दचकले की हातातली स्लाइड खाली पडून फुटली. वळून बघते तर संस्थेचे अध्यक्ष, आणि त्यांच्यासोबत मोजायचा टेप ताणून उभा असलेला सुतार.

"चालू द्या मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "आम्ही फक्त माप घेऊन राहिलो."

"कशाचं, सर?"

"कॉम्प्युटरच्या टेबलांचं."

संध्याकाळी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावून खुलासा केला. जूनच्या आत विभागाच्या नावावर एखादा संशोधन प्रकल्प मंजूर झाला, तर विभाग राहील. नाही झाला, तर त्या खोलीत बीसीए. बिसेन सरांना संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात घेतील. माझं काय करतील हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या दिवशी एसटीत मी तिकीट काढायचं विसरले आणि कंडक्टरही मागायचा विसरला, इतका माझा चेहरा पडलेला होता म्हणे.

* * *

बिसेन सरांनी आयुष्यात बरेच अर्ज केले होते. मंजूर एकही झाला नव्हता, पण अनुभव दांडगा. त्यांचा पहिला नियम असा की अर्ज पोस्टात पडेपर्यंत विषय कुणाला सांगायचा नाही.

"नजर लागते, मेश्राम मॅडम. मागच्या वेळी मी शर्मा सरांना सांगितला होता. गेला."

शर्मा सर म्हणजे फिजिक्सचे. ते शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "बिसेनजी, मेरी नज़र में इतना दम होता, तो पहले प्रिंसिपल साहब को न लगाता?"

आमचा विषय खरोखर चांगला होता. आमच्या भागात गावोगावी जुने तलाव आहेत, शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी बांधलेले. त्यांच्या पाण्यात चिला, गाद, देवधान असं कायकाय उगवतं. त्यावर मासे जगतात, पाखरं जगतात. यातलं काय वाढतंय आणि काय नाहीसं होतंय, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. कॉलेजपासून जवळच्या एका गावाचा तलाव आम्ही अभ्यासासाठी निवडला. चिला म्हणजे शास्त्राच्या भाषेत हायड्रिला. अर्जात पानोपानी तेच नाव होतं.

अर्ज टाइप करायला दिला एसटी स्टँडसमोरच्या सेंटरमध्ये. तिथला टायपिस्ट वाचत वाचत टाइप करायचा, तेही मोठ्याने. त्यामुळे गुप्तता पहिल्याच दिवशी संपली होती, फक्त बिसेन सरांना माहीत नव्हतं.

एकदा मी परतीच्या बसमध्ये बसले होते. बस भरलेली. टायपिस्ट धावत खिडकीशी आला आणि ओरडला, "मेश्राम मॅडम, तुमचं हायड्रिला भलतं वाढलं हो. कमी करावं लागन, नाईतर दिल्लीवाले हातच लावत नाहीत."

ग्रँट देणाऱ्या दिल्लीच्या संस्थेने अर्जाला पानांची मर्यादा घातली होती, एवढंच. पण बसमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या आजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बाई, इथं कोनाले दाखवलं का?"

मी गोंधळून खरं तेच सांगितलं. "बिसेन सरांना दाखवलं."

"मंग ते काय म्हनते?"

"ते म्हणतात, काही कापू नका. आहे तसंच दिल्लीला पाठवा."

"अवो माय," आजी म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवसापासून कंडक्टर माझ्यासाठी पुढची सीट धरून ठेवायला लागला. खुलासा करावा असं मला रोज वाटायचं. पण सीट खिडकीची होती.

* * *

अर्जात एक भाग उपकरणांचा असतो. संशोधनाला लागणारी वस्तू आणि ती कशाला लागते याचं कारण, असं समोरासमोर लिहायचं. ही बातमी कॉलेजात पसरली आणि आमच्या विभागात पहिल्यांदाच गर्दी झाली.

प्राचार्य स्वतः आले. "बिसेन, यात पंखे टाका. स्टाफरूममध्ये मे महिन्यात बसवत नाही."

"सर, पाणवनस्पतींना पंखा कशाला?"

"वाळवायला," प्राचार्य म्हणाले. विचार करायला त्यांना एक क्षणही लागला नाही. तेव्हा मला कळलं की माणूस प्राचार्य का होतो.

ऑफिसच्या पटले बाबूंना लोखंडी कपाट हवं होतं. खेळाच्या सरांना व्हॉलीबॉलची नेट. त्यांनी कारणही लिहून आणलं होतं. 'तलावातील वनस्पती अलगद बाहेर काढण्याकरिता.' बिसेन सर भिडस्त, कुणाला नाही म्हणेनात. मला मात्र झोप लागेना. दिल्लीवाल्यांनी हे वाचलं तर? फसवणूक म्हणून केस झाली तर? पेपरात फोटो आला तर?

शेवटी टायपिंग सेंटरला जाऊन मी सगळं काढायला सांगितलं. कपाट गेलं, नेट गेली, पंखे गेले. फक्त एक पंखा ठेवला, कारण नमुने खरोखरच वाळवावे लागतात. त्या एका पंख्याची मला इतकी भीती बसली की स्टाफरूममध्ये पंखा सुरू झाला तरी मी उठून बाहेर जायचे.

* * *

मग शर्मा सरांनी अर्ज मागून घेतला. ते इंग्रजीत पक्के. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या ओळीत जे समजतं त्याला ग्रँट मिळत नाही.

"मॅडम, कमिटी को लगना चाहिए कि ये हमसे भी ज़्यादा जानती है. जितना कम समझ में आए, उतना अच्छा."

त्यांनी आमच्या शीर्षकाला हात घातला. दोन दिवसांनी ते परत आलं तेव्हा चार ओळींचं झालं होतं. त्यात 'डायनॅमिक्स' दोनदा होतं आणि 'तलाव' एकदाही नव्हता. बिसेन सरांनी ते तीनदा वाचलं आणि आदराने म्हणाले, "मॅडम, हे आपलंच आहे ना?"

तेच पाठवलं.

* * *

आणि मुलाखतीला बोलावणं आलं! नागपूरला, दिल्लीच्या समितीसमोर. बिसेन सर इतक्या वर्षांत इथपर्यंत कधी पोचले नव्हते. गाडीत त्यांनी मला दोनदा चहा पाजला आणि स्वतः एकदाही प्यायले नाहीत. दारापर्यंत आले आणि म्हणाले, "आत तुम्हीच जा. माझी नजर नको."

आत पाच जण होते. मधोमध पांढऱ्या केसांचे अध्यक्ष, त्यांच्या बाजूला बारीक चष्म्याच्या एक मॅडम. अध्यक्ष म्हणाले, शीर्षक सांगा. मी सुरुवात केली. दुसऱ्या 'डायनॅमिक्स'पर्यंत पोचता पोचता माझा श्वास संपला. खरंच संपला. सगळे वाट बघत होते.

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "मॅडम, पहले पानी पीजिए. फिर बताइए, आप करेंगी क्या?"

मी म्हणाले, "सर, तालाब में क्या उगता है, क्या नहीं उगता, वो देखूँगी."

"तो यही लिखना था," ते म्हणाले.

तेवढ्यात कुठेतरी घंटा वाजली. आधीच माझा जीव मुठीत. वेळ संपला असं समजून मी उठले, नमस्कार केला आणि थेट बाहेर. पर्स आत, फाइल आत, पेन ड्राइव्ह त्यांच्या कॉम्प्युटरला लावलेला. बिसेन सर बाहेर उभेच होते. माझा चेहरा बघून त्यांनी काही विचारलंच नाही. म्हणाले, "जाऊ द्या. चला, सव्वापाचची गाडी मिळते का बघू."

ती घंटा चहाची होती.

दोन मिनिटांनी अख्खी समिती कपबशा घेऊन व्हरांड्यात आली, आणि माझी राहिलेली मुलाखत तिथेच झाली. मी एका हातात कप धरलेला, आणि चष्म्याच्या मॅडम एकामागे एक विचारताहेत. कुठला तलाव, किती खोल, उन्हाळ्यात पाणी राहतं का, गावातले लोक येऊ देतात का. चहामुळे असेल, पण मी उत्तरं देत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "आपने पंखा सिर्फ़ एक लिखा है."

माझा कप बशीत आडवा झाला.

"आपके यहाँ की उमस में एक पंखे से सैंपल सड़ जाएँगे. कम से कम चार चाहिए."

हे मी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना सांगितलं. ते फक्त एवढंच म्हणाले, "मी सांगितलं होतं."

* * *

निवडीच्या आधी जागा बघायचा त्यांचा नियम होता. चष्म्याच्या मॅडम आणि आणखी एक जण तलाव पाहायला येणार असा निरोप आला. तलाव बघितला, त्यात आम्ही लिहिलेलं सगळं सापडलं, की झालं. इतकं सोपं.

मी गावच्या सरपंचबाईंना फोन केला. कौशल्याबाई त्यांचं नाव. मोठ्या खटपटीच्या. मी एवढंच सांगितलं, "दिल्लीची समिती तुमचा तलाव पाहायला येणार आहे."

"येऊ द्या नं जी. तुमी कायले भेता? आमी हाओत."

त्या 'आमी हाओत'ने मला इतका धीर आला की मी दोन दिवस नीट जेवले.

समितीच्या दिवशी आम्ही दोघं बिसेन सरांच्या स्कूटरवरून सकाळीच निघालो. थंडीचे दिवस, धान कापून झालेलं, बांध्यांत नुसती धसकटं. गावाच्या वेशीपासून तलावाच्या पारीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, रांगोळी काढलेली. पारीवर पोरं नवे कपडे घालून ओळीत उभी. बिरसीच्या वैमानिकांच्या शाळेतलं शिकाऊ विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं, आणि पोरं त्याला हात करत होती. त्यांना वाटलं, साहेब त्यातूनच उतरतात.

आम्ही पारीवर चढलो.

तलाव आरशासारखा चकचकत होता. एक पान नाही. एक काडी नाही. चिला नाही, गाद नाही, कडेचं देवधानसुद्धा नाही. पलीकडच्या झाडांचं प्रतिबिंब इतकं स्वच्छ की पारीवर उभ्या असलेल्या बकरीची दाढी पाण्यात दिसत होती. आणि पारीच्या त्या अंगाला डोक्याइतका उंच हिरवा ढीग.

बिसेन सर खालीच बसले.

कौशल्याबाई पुढे आल्या. चेहरा आनंदाने फुललेला. "पाहा जी मॅडम. अख्खं गाव उतरलं पान्यात. बाया, मानसं, समदे. मुळासकट काहाडलं. तुमच्या सायबाले एक कचरा दिसनार नाई."

 बिसेन सर खालूनच म्हणाले, "कौशल्याबाई, त्यांना तो कचराच पाहायचा होता."

"कचरा?" त्या म्हणाल्या. "दिल्लीहून? काऊन, तिथं नाई का?"

तेवढ्यात गाडी आली.

चष्म्याच्या मॅडम पारीवर चढल्या, पाण्याकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं, पुन्हा पाण्याकडे. त्यांचा चेहरा बघून पोरांनी सुरू केलेलं स्वागतगीतही अर्ध्यात थांबलं. माझ्या डोळ्यांसमोर सुताराने केलेली टेबलं रांगेने मांडून झाली होती.

"जड़ से निकाला?" त्यांनी विचारलं.

"जड से," कौशल्याबाई म्हणाल्या. "कहीं भी हात डालके देखो."

मॅडमनी खरोखरच चप्पल काढली, साडी खोचली आणि त्या थंड पाण्यात उतरल्या. कोपरापर्यंत हात घालून चिखल काढला, बोटांनी चाचपला. दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा. मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मैं बरसों से ऐसा एक तालाब ढूँढ रही हूँ. पूरा साफ, जड़ से, एक साथ. फिर देखना है कि कौन-सा पौधा सबसे पहले लौटता है, किसके बाद कौन. इतने मज़दूर कोई नहीं देता. ये करवाया किसने?"

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी बिसेन सरांकडे बघितलं. ते उठले, पॅन्ट झटकली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ठणठणीत आवाजात बोलले.

"मेश्राम मॅडम का प्लॅनिंग है."

* * *

पण एक अट आली. ही अशी अट असते हे मला माहीत असायला हवं होतं, पण घाईत डोक्यातून गेलं होतं. साफ केलेल्या तलावाशी तुलना करायला तसाच एक साफ न केलेला तलाव हवा. जवळचाच, तेवढाच, आणि पुढची तीन वर्षं कुणी हात लावणार नाही असा. त्या गावच्या सरपंचाची संमती जोडा, मग मंजुरी.

असा तलाव एकच होता, टेकडीच्या पलीकडच्या गावचा. मी आनंदाने कौशल्याबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "घाई करा जी. ते बी रविवारी उतरून राहिले तलावात. आमची दिल्लीवाली गाडी पाहून त्यायच्या पोटात दुखते."

रविवार दुसऱ्याच दिवशी होता.

आम्ही पोचलो तेव्हा अख्खं गाव पारीवर जमलेलं. माणसांच्या हातात विळे, बायांच्या हातात टोपली. सरपंच रहांगडाले भाऊ बनियनवर, कमरेला दुपट्टा बांधून, गुडघाभर पाण्यात. डफडं वाजत होतं. रहांगडाले भाऊंनी देवधानाच्या पहिल्या जुडग्याला विळा लावला.

"थांबा!"

हे मी ओरडले. माझा एवढा आवाज आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. डफडं थांबलं, बगळे उडाले, आणि बिसेन सरांच्या हातून स्कूटर आडवी झाली.

रहांगडाले भाऊ विळा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. "काऊन थांबाचं?"

मी धापा टाकत सांगितलं. तलाव असाच राहू द्या. काही काढू नका. तीन वर्षं.

"म्हंजे त्यायचा साफ अन् आमचा घाण. अन् हे तुमी दिल्लीले कळवनार."

"घाण नाही हो," बिसेन सर मध्ये पडले, "नैसर्गिक."

"ते घाणच झालं जी. फक्त शिकलेल्या मानसाच्या तोंडून."

एक काकू टोपलं कमरेवर घेऊन पुढे आल्या. "माही पोरगी त्या गावात देली हाय. तिची सासू तिले काय म्हनन? तुह्या माहेरचे तीन वर्ष तलाव नाई धुवत?"

सगळे हसले, पण विळे कुणी खाली ठेवले नाहीत. रहांगडाले भाऊ पुन्हा वाकले. माझा विभाग, माझी नोकरी, त्या विळ्याच्या पात्याशी होती. मी चपलांसकट पाण्यात उतरले.

"भाऊ, तुम्ही नवीन खत आणलं की सगळ्या बांध्यांत टाकता का?"

ते थांबले. "नाई. पयले एका बांधीत टाकून पाहातो."

"आणि बाजूची?"

"ते तशीच ठेवतो. नाईतर कसं समजन, धान खतानं वाढलं का पावसानं?"

"मग तशी ठेवलेली बांधी घाण असते का?"

 काकूंनी टोपलं खाली ठेवलं.

"त्यांचा तलाव खतवाली बांधी," मी म्हणाले. "तुमचा तशीच ठेवलेली. तुमचा नसला तर त्यांच्यात काय झालं ते कुणालाच कळणार नाही. दिल्लीलाही नाही."

रहांगडाले भाऊंनी पाण्याकडे बघितलं, मग टेकडीकडे. 

"म्हंजे आमच्याशिवाय त्यायचं काहीच होत नाई."

"काहीच होत नाही."

"हे कौशल्याबाईले माहीत हाय?"

"मी आजच सांगते."

"तुमी नका सांगू," ते म्हणाले, आणि विळा दुपट्ट्यात खोचला. "आमी पाटी लावतो. रस्त्याच्या अंगानं. त्यायले बाजाराले इकडूनच जावं लागते."

त्याच पारीवर, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी संमती लिहून दिली. पाटीवर काय लिहायचं ते मी सांगितलं. 'अभ्यासासाठी राखीव तलाव. कृपया वनस्पती काढू नयेत.' त्यांनी मान डोलावली.

मे महिन्यात मंजुरी आली. चार पंख्यांसकट. सुताराकडे टेबलं तयारच होती. ती आमच्याच प्रयोगशाळेत आली आणि त्यांवर आम्ही चिल्याचे ट्रे मांडले. संस्थेच्या अध्यक्षांनी येऊन माझं अभिनंदन केलं, आणि या वेळी दारावर टकटक करून आले. बिसेन सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पहिला पेढा शर्मा सरांना.

त्याच आठवड्यात पाटी लागल्याचा निरोप आला. आम्ही स्कूटरवरून बघायला गेलो. गोंदियाहून पेंटर बोलावलेला, निळ्यावर पिवळी अक्षरं, एसटीतूनही वाचता येतील एवढी. आणि मी सांगितलेल्यातला एकही शब्द नाही. खाली ग्रामपंचायतीचं नाव होतं, आणि वर लिहिलं होतं :

'हा तलाव आम्हाला साफ करता येतो. दिल्लीने हात जोडले म्हणून केला नाही.'